रू दीर्घ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे पोरं बास्केटबॉल खेळतात. त्या दिवशी जमिनीवरच्या पांढऱ्या रेघांवर आठ-नऊशे माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. बास्केटच्या बरोबर खाली फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर एक उंच खुर्ची आणि खुर्चीत राखाडी अंगरख्यातला एक गुबगुबीत इसम. डोळे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात थोडा फेस. तो फेस दात घासायच्या पेस्टचा होता असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

लोक त्याला वाणीबाबा म्हणत. त्याच्या तोंडून 'वाणी' होते म्हणून. आमच्या शिपायाने हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "साखर काय भाव लावलीय?" त्या शिपायाइतका शहाणा माणूस आमच्या कचेरीत दुसरा नव्हता, आणि यात मी स्वतःलाही धरते.

"मोबाईल बंद करा!" माईकवाली बाई ओरडली. "आवाज तीन हजार वर्षांवरून येतोय, मध्ये अडथळा नको!"

नऊशे माणसांनी निमूटपणे मोबाईल बंद केले. तीन हजार वर्षं ओलांडून येणारा आवाज मोबाईलला का अडतो, हे कुणीही विचारलं नाही. मग बाबाची मान डावीकडे कलली आणि खर्जात शब्द आले.

"ओसान तेमेल कारिथ... ओसान तेमेल वदूश..."

पहिल्या रांगेत आमचे संपादक सर बसले होते. तिसऱ्या ओळीला ते उभे राहिले. पाचव्या ओळीला त्यांनी चष्मा काढून पुसला. अकरावी ओळ संपली तेव्हा ते व्यासपीठावर चढले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"मित्रहो, ही भाषा मेलेली आहे," ते म्हणाले. "ही प्रार्थना एका चामड्याच्या पत्रावर लिहिलेली आहे. पत्र माझ्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे. साऱ्या जगात ती वाचलेली माणसं दोनच. माझे गुरू, ते वारले. उरलो मी. आणि हा माणूस शाळेची पायरीसुद्धा चढलेला नाही!"

सभागृहाने एकच आरोळी ठोकली. बायका रडल्या, पुरुष खुर्चीच्या दिशेने सरकले. मी तिसऱ्या रांगेत रुमाल तोंडात कोंबून बसले होते. शेजारणीला वाटलं, मला गहिवरून आलंय. मला हसू आवरत नव्हतं.

का, ते सांगते.

सर एका त्रैमासिकाचे संपादक. धर्म, पंथ, प्रार्थना, कर्मकांड यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी इतर विद्वानांसाठी चालवलेलं. अठ्ठावीस वर्षं चाललेलं. तीनशे बारा प्रती निघत. त्यातल्या दोनशे ग्रंथालयांत जात आणि तिथे त्यांची पानंही कुणी उलटत नसे. प्रत्येक लेख दोन तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचा, असा नियम. सरांचा चामडी पत्रावरचा लेखही तपासून आला होता. एका तज्ज्ञाने 'उत्तम' असा शेरा दिला. दुसऱ्याने आपल्या स्वतःच्या तीन पुस्तकांचा उल्लेख तळटीपेत घालायला सांगितलं. ती भाषा दोघांनाही येत नव्हती, पण अडाणी दिसायला विद्वान माणूस फार घाबरतो.

मी त्या त्रैमासिकाची मुद्रितशोधक. छापण्याआधीची प्रुफं वाचायची आणि चुकांवर लाल शाईने खुणा करायच्या. माझ्या पाठीमागे मला लालबाई म्हणतात, समोर ताई. अक्षरजुळणी करायला, म्हणजे हस्तलिखितावरून मजकूर संगणकावर टाईप करायला, एक धाकटी होती. वयाने कचेरीत सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. नवरा नाही, नऊ वर्षांची एक मुलगी. मुलीला आकडी यायची. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन गोळ्यांवर ती ठीक असायची. शाळा सुटली की पोरगी कचेरीत यायची, माझ्या टेबलाखाली बसून रद्द झालेल्या प्रुफांच्या मागच्या बाजूला चित्रं काढायची. चार वाजता धाकटीचा मोबाईल किरकिर वाजायचा. पोरगी खालूनच ओरडायची, "मावशी, गोळी!" आणि मी माझ्या ग्लासातलं पाणी खाली द्यायची.

तर 'ही प्रार्थना वाचलेली माणसं दोनच' असं सर म्हणाले, तेव्हा त्यांनी धाकटीला आणि मला धरलंच नव्हतं. ओळन्‌ओळ आपल्या लिपीत लिहून त्यांनीच हस्तलिखित आमच्याकडे पाठवलं होतं. धाकटीने ते जुळवलं, मी दोनदा तपासलं. पण टाईप करणारी आणि चुका काढणारी बाई 'वाचते' हे कुठल्या विद्वानाच्या डोक्यात येतं?

आता सातवी ओळ. हस्तलिखितात ती होती: 'शमेत नारू ओसान.' 'नारू'मधला रू कुणी ऱ्हस्व करेल या भीतीने सरांनी त्या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत सूचना लिहिली होती: 'रू दीर्घ'. ती सूचना धाकटीने ओळीतच टाईप केली. पहिल्या प्रुफात ओळ आली: 'शमेत नारू रू दीर्घ ओसान.' मी लाल गोल केला, दुसऱ्या प्रुफात ती चूक गेली. छापखान्यात असल्या चुका रोज होतात.

आणि त्या दिवशी तीन हजार वर्षांवरून आलेला तो आवाज नऊशे माणसांसमोर खर्जात म्हणाला होता, "शमेत नारू रूदीर्घ ओसान!"

मेलेल्या पंथाचा देव बाबाच्या तोंडून शुद्धलेखनाची सूचना देत होता. म्हणजे पहिल्या प्रुफाचा एखादा जादा कागद कुठून तरी बाबाकडे पोचला होता. आमची रद्दी दर आठवड्याला जाते. तिथूनच उचलला असणार, असं मी ठरवून टाकलं. अकरा ओळी पाठ करायला काय लागतं? पहिलीतलं पोर करतं.

मी त्याच क्षणी उठून हे सांगायला हवं होतं. मी उठले नाही. मला वाटलं, थांब, अजून मजा येईल.

मजा दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. सर माझ्या टेबलाशी आले, हातात दुसरं प्रूफ.

"बाई, सातव्या ओळीत एक शब्द सुटला होता माझ्याकडून," ते म्हणाले. "पत्राला तिथे भोक आहे. कसर लागलीय. तो शब्द काल मिळाला. 'रूदीर्घ'."

"काल मिळाला? म्हणजे बाबांकडून?"

"मौखिक परंपरेकडून," सर गंभीरपणे म्हणाले. "आणि बघा, 'दीर्घ'! आपल्याच भाषेतला शब्द तिथे तीन हजार वर्षांपूर्वी! रूदीर्घ म्हणजे आयुष्य लांबवणे, व्याधी दूर सारणे. मी तळटीप लिहिलीय."

त्यांचा चेहरा फुलला होता. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना नऊशे माणसांनी ऐकलं होतं, आणि त्रैमासिकाला पैसे पुरवणाऱ्या विद्यापीठाच्या विभागाला ते बंद करायचं होतं. माणूस बुडताना काडीचा आधार घेतो, हे मला कळत होतं. तरी दया आली नाही. याच माणसाने अठ्ठावीस वर्षांत माझं नाव एकदाही अंकात छापलं नव्हतं.

"वा सर," मी म्हणाले. "फारच महत्त्वाचा शोध."

आणि मी माझ्या हाताने, लाल शाईने, ती चूक परत ओळीत घातली.

माझा बेत साधा होता. वीस दिवसांनी अंकाचं प्रकाशन, त्याच सभागृहात, बाबाच्या हस्ते. जुनी कर्मचारी म्हणून मी दोन मिनिटं बोलणार होते. तेव्हा एका हातात सरांचं हस्तलिखित, दुसऱ्या हातात पहिलं प्रूफ धरून मी दोघांनाही एका दगडात पाडणार होते. अंक छापून झालेला, तळटीप छापलेली, पळायला वाट नाही. मी आरशासमोर भाषणाची तालीमही केली. कुठे थांबायचं, कुठे भुवई उचलायची, सगळं ठरवलं. मीठमसाला लावून आपला शहाणपणा वाढायची हौस काही फक्त बाबालोकांनाच नसते.

त्या वीस दिवसांत गाव 'रूदीर्घ'ने भरून गेलं. सरांनी तळटीप बाबाला आधीच वाचून दाखवली होती, आणि माईकवाली रोज ओरडायची, "विद्वानांच्या मासिकात छापून येतंय! आयुष्य लांबवणारा शब्द! ज्याच्या तोंडी रूदीर्घ, त्याला बाटली कशाला, गोळी कशाला?" ते मासिक नसून त्रैमासिक आहे, एवढीच चूक मला तेव्हा खटकली. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या जिना चढताना 'रूदीर्घ, रूदीर्घ' म्हणत. मी ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची.

आणखी एक गोष्ट झाली होती. चार वाजता वाजणारा धाकटीचा मोबाईल वाजेनासा झाला होता. मला वाटलं, बिघडला असेल. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, त्या किरकिरीने माझी ओळ चुकायची. पोरगी टेबलाखाली चित्रं काढत बसायची, आणि पाणी मागायची नाही.

प्रकाशनाच्या दिवशी गर्दी दुप्पट होती. सर नव्या कोटात. बाबा खुर्चीत, मांडीवर अंक उघडा, उलटा धरलेला. मी हस्तलिखित आणि प्रूफ पिशवीत घालून व्यासपीठाच्या कडेला उभी होते, माझ्या दोन मिनिटांची वाट बघत.

"आधी पुरावा!" माईकवाली म्हणाली. "पुस्तकी पुरावा मागाहून, जिवंत पुरावा आधी! ये ग माऊली, वर ये."

गर्दीतून धाकटी वर आली, पोरीचा हात धरून.

"सांग सगळ्यांना. किती वर्षं गोळ्या?"

"सहा," धाकटी म्हणाली.

"आणि बंद करून किती दिवस?"

"एकोणीस."

"एकोणीस दिवसांत आकडी?"

"एकदाही नाही."

टाळ्यांनी छप्पर हादरलं. पोरीला मी कडेला उभी दिसले, तिने मला हात केला. माझ्या भाषणातला एकही शब्द मला आठवेना.

मी धावत पुढे गेले आणि माईकवर झडप घातली. "गोळी द्या तिला!" मी ओरडले. "आत्ता द्या! तो शब्द नाहीये, ती चूक आहे! टायपिंगची चूक आहे!"

भुवई नाही, थांबणं नाही. पिशवीतून कागद काढताना अर्धे खाली सांडले. "हे सरांचं अक्षर! 'रू दीर्घ', म्हणजे नारूतला रू दीर्घ काढा. ही सूचना आहे, चुकून ओळीत टाईप झालेली. हे पहिलं प्रूफ, ही माझी लाल खूण, ही तारीख. बाबाच्या अंगात येण्याच्या आधीची! याने आमचा कागद पाठ केलाय. चुकीसकट!"

सरांनी हस्तलिखित हातात घेतलं. स्वतःचं अक्षर ओळखायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. मग ते मटकन खाली बसले, नव्या कोटासकट, बास्केटच्या खांबाला टेकून.

गर्दीत कुजबुज उठली. बाबाने डोळे उघडले. फेस कधीच वाळला होता. "शब्दाला काय कागद, काय घसा," तो धाकटीकडे बघून गोड आवाजात म्हणाला. "देव चुकीतूनसुद्धा बोलतो. नाही का माऊली?"

"म्हातारीला हाकला!" मागून कुणीतरी ओरडलं. एक चप्पल आली, ती सरांना लागली.

तेवढ्यात पोरीच्या हातातला पेन्सिलींचा डबा पडला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं, आणि ती व्यासपीठावर आडवी पडली. तिचे पाय फळ्यांवर आपटायला लागले.

मी तिला कुशीवर वळवलं. धाकटी तिच्या कानाशी वाकली आणि पुटपुटायला लागली, भराभर, श्वास न घेता, "रूदीर्घ, रूदीर्घ, रूदीर्घ..."

"अगं, बंद कर ते! तुझीच चूक आहे ती! तूच टाईप केलीस!" मी किंचाळले.

तिने वर बघितलंही नाही. गर्दीतून धावत आलेल्या आमच्या शिपायाने पोरीला उचललं आणि तो गर्दी फोडत निघाला. दीड-दोन हजार माणसं सरकायला तयार नव्हती. त्यांना पुढे काय होतं ते बघायचं होतं. 'आता उठेल, आता उठेल,' असं म्हणत ती उभी होती. दारापर्यंत पोचायला आम्हाला सहा मिनिटं लागली.

आकडी थांबली नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "गोळ्या एकदम बंद केल्या?" धाकटीने मान हलवली. एकदम बंद केल्या तर आकडी आधीपेक्षा जोरात उलटते आणि थांबवता थांबत नाही, हे त्याच डॉक्टरीणबाईंनी तिला दोन वेळा लिहून दिलं होतं. पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती.

बाकावर बसून धाकटी मला म्हणाली, "ताई, तो कागद मीच नेला होता."

"कुठे?"

"बाबांकडे. पोरीसाठी गेले होते. दारातली बाई विचारते ना, काय काम करता, घरी कोण कोण... मी म्हटलं, धर्माचं मासिक जुळवते. ती म्हणाली, जे काम चालू असेल ते घेऊन या, बाबा हात ठेवतील. दोन दिवस ठेवून घेतला त्यांनी."

"मग त्या दिवशी सभागृहात तेच ऐकलंस तेव्हा तुला कळलं नाही?"

"कळलं की," ती म्हणाली. "लगेच कळलं. माझी चूक मला नाही कळणार? पण मला वाटलं, देवाने ती माझ्याच हातून करून घेतली. एवढ्या बायकांमधून माझ्या हातून. म्हणजे माझी पोर नक्की बरी होणार." मग तिने विचारलं, "ताई, तुम्हालाही तेव्हाच कळलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

मी तिला काय सांगणार होते? आरशासमोर भुवई उचलायची तालीम करत होते म्हणून?

बाबाला काही झालं नाही. गोळ्या बंद करा असं त्याने कुठे लिहून दिलं नव्हतं. तो आता दुसऱ्या गावी आहे, आणि तिथल्या म्हाताऱ्याही जिना चढताना 'रूदीर्घ' म्हणतात असं ऐकते. त्रैमासिक बंद पडलं नाही. उलट त्या अंकाला मागणी आली. लेख मागे घ्या, असं मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, संस्थेच्या अब्रूचा प्रश्न आहे. पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ." दोन्ही तज्ज्ञांनी शुद्धिपत्र तपासून 'योग्य' असा शेरा दिला.

धाकटी तेराव्या दिवशी कामावर आली. शुद्धिपत्र तिलाच जुळवायचं होतं. तिने ते टाईप केलं, कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ताई, बघा. चूक नाही ना?"

मी वाचलं. 'पृष्ठ ४१, ओळ ७: "रूदीर्घ" हा शब्द वगळून वाचावे.' काना, मात्रा, वेलांटी, सगळं बरोबर होतं. लाल शाई लावायला कुठेच जागा नव्हती.

त्या शुद्धिपत्रात जे छापलं नाही ते मी इथे लिहिते, कारण मला सरांची परवानगी नको आहे. मेलेली भाषा कुणाच्याही अंगात येत नाही. ती कागदावरून येते, आणि तो कागद कुणाच्या तरी हातून जातो. चमत्कार बघितलात तर आधी तो हात शोधा. छापून आलं म्हणून खरं मानू नका, मी अठ्ठावीस वर्षं छापील खोटं दुरुस्त करत आले आहे. गोळ्या चालू ठेवा. बंद करायच्या असतील तर ज्यांनी दिल्या त्यांना विचारा. आणि तुम्ही माझ्यासारखे हुशार असाल, पहिल्याच दिवशी लबाडी ओळखणारे, तर त्याच दिवशी बोला. उभं राहून, ओबडधोबड, लोक हसले तरी, चप्पल बसली तरी. राखून ठेवलेल्या शहाणपणाने कुणाचाही जीव वाचत नाही.

माझ्या टेबलाखाली चित्रांचे कागद अजून आहेत. शिपाई रद्दी न्यायला आला की मी त्याला तेवढे सोडून बाकीचे ने म्हणते.